स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी आणि इतर ऐकीव कायदे

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच काम करू लागले. आदल्या दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी चार दशकांहून अधिक काळ लढा दिला होता. चंदगडच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाला अपिलाच्या एका तारखेसाठी मुंबई गाठावी लागत होती, ती पायपीट थांबली.

पण बेंच आले म्हणजे आता सगळेच दावे तिथे दाखल करता येतील, असा समज गावोगाव पसरला आहे. तो चुकीचा आहे. घटस्फोटाचा अर्ज आजही कौटुंबिक न्यायालयातच द्यायचा असतो. अपघाताच्या भरपाईचा दावा मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे चालतो, आणि त्याचे काम जिल्हा न्यायालयात, म्हणजे कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात होते. तिथला निकाल मान्य नसेल तर त्यावरचे अपील सर्किट बेंचकडे जाते. उच्च न्यायालय दारात आले हे खरेच, पण बहुतेक कुटुंबांचे नुकसान त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेले असते. भांडणानंतरच्या किंवा अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, कुणाच्या तरी ऐकीव सल्ल्यावर, घरीच जे कागद केले जातात किंवा करायचे राहून जातात, तिथे ते होते.

त्यात सगळ्यात महागात पडणारा कागद म्हणजे स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी. दोन्हीकडची चार माणसे बसतात, दागिने आणि भांडी परत होतात, स्टॅम्पवर ‘आम्ही राजीखुशीने विभक्त होत आहोत’ असे लिहिले जाते, नोटरीचा शिक्का बसतो. ‘फारकत झाली’ म्हणून दोन्ही घरे मोकळी होतात. प्रत्यक्षात कायद्याच्या नजरेत ते नवरा-बायकोच राहतात. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यानुसार लग्न मोडते ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. नोटरी सही खरी असल्याची खात्री देतो, लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही.

इथे जाणकार मंडळी कलम २९(२) पुढे करतात. एखाद्या जातीत काडीमोडीची रूढी असेल तर हा कायदा ती अबाधित ठेवतो, हे खरे आहे. मात्र अशी रूढी जुनी, सलग चालत आलेली आणि त्या समाजात सर्वमान्य असल्याचे पुराव्याने सिद्ध करावे लागते. रूढीने झालेला घटस्फोट हा कायद्यातला अपवाद आहे आणि तो मांडणाऱ्यानेच सिद्ध केला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले. ‘आमच्यात चालतं’ एवढ्याने भागत नाही.

या कागदाची किंमत बहुतेक वेळा बाईच मोजते. त्याच्या भरवशावर दुसरे लग्न झाले तर ते कायद्याने शून्य ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पुढे नवरा वारला की निवृत्तिवेतन आणि वारसाहक्काच्या वेळी पहिली पत्नी कायदेशीर ठरते, दुसरी रिकाम्या हाताने परतते. तिच्या मुलांना मात्र कायदा औरस मानतो, एवढाच दिलासा. आणि हे घडते कोल्हापुरात, जिथे राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्येच आपल्या संस्थानासाठी काडीमोडीचा कायदा केला. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा यायला १९४७ उजाडले. ज्या संस्थानाने हा विषय एवढ्या लवकर पंचांच्या बैठकीतून कायद्यात आणला, तिथल्या लेकीबाळींचे संसार शंभर वर्षांनंतरही पुन्हा बैठकीतल्या कागदावर मोडावेत, हे मनाला लागते.

‘इतकी वर्षं वेगळे राहिलो की आपोआप घटस्फोट होतो’ हाही तसाच एक समज. कुणी तीन वर्षे सांगते, कुणी सात. आपोआप काहीच होत नाही, वीस वर्षे वेगळे राहिले तरी नाही. सात वर्षांचा आकडा येतो तो बेपत्ता जोडीदाराच्या तरतुदीतून, आणि तिथेही न्यायालयात जावेच लागते. परस्पर संमतीचा मार्ग कलम १३-ब मध्ये आहे. किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे, दोघांनी मिळून अर्ज करावा आणि सहा महिन्यांनी पुन्हा संमती द्यावी. समेटाची शक्यता उरली नसेल आणि पोटगी, मुले यांचे सगळे ठरले असेल, तर हे सहा महिने न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. लग्न पूर्णपणे मोडकळीस आले एवढ्याच कारणावरून घटस्फोट देण्याचा अधिकार मात्र फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालचा हा अधिकार १ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने पक्का झाला.

नवरा पुण्याला नोकरीला असला की ‘केस पुण्यातच लढावी लागणार’ म्हणून माहेरी परतलेली मुलगी गप्प बसते. २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयात ती अर्ज करू शकते. गारगोटीच्या माहेरी आलेल्या मुलीने पुण्याला खेटे घालायची गरज नाही. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा प्रकरणांत स्त्रियांना १९९४ पासून न्यायालयीन शुल्कही माफ आहे. पोटगी मागायला घटस्फोट व्हावाच लागतो असे नाही, आणि झाला म्हणून ती आपोआप बंदही होत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये (पूर्वीचे कलम १२५) घटस्फोटित पत्नी येते. मुस्लिम घटस्फोटित स्त्रीलाही ही वाट खुली आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा सांगितले. पत्नी कमावती असली तरी पोटगीचा हक्क संपत नाही, तिची कमाई रक्कम ठरवताना विचारात घेतली जाते. आणि २०२० च्या निकालापासून दोघांनाही मिळकतीचे आणि कर्जाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, त्यामुळे तारखा लांबवून काही वाचत नाही.

अपघातांच्या बाबतीत ऐकीव कायदा याहून निष्ठुर ठरतो.

पुणे-बंगळूर महामार्गावर किंवा रंकाळ्याच्या वळणावर गाड्या धडकतात, लोक जमतात आणि कुणीतरी म्हणते, ‘मिटवून टाका.’ हातावर पाच-दहा हजार टेकवले जातात. पाय मोडल्याचे, मणक्याला मार बसल्याचे गांभीर्य आठ दिवसांनी कळते. तोवर पोलिसांत नोंद नाही, पंचनामा नाही, रुग्णालयाच्या कागदावर ‘घरी पडले’ असे लिहिलेले. मग विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते की ही गाडी अपघातात होती याला पुरावा काय? म्हणून जखम किरकोळ वाटली तरी सीपीआरमध्ये किंवा खासगी दवाखान्यात अपघाताचीच नोंद करून घ्यावी आणि फिर्याद द्यावी.

बघ्यांपैकी कुणी जखमीला उचलत नाही, कारण ‘पोलीस आपल्यालाच अडकवतील’. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, साक्षीदार व्हायचे की नाही हे तोच ठरवतो. पहिल्या तासाभरात गंभीर जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्यासाठी केंद्राने बक्षिसाची रक्कम पाच हजारांवरून पंचवीस हजार केली आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची योजनाही आहे. ‘आधी डिपॉझिट भरा’ या वाक्याने हबकून जाण्याआधी नातेवाइकांनी ही योजना मागावी.

दावा कुठे करायचा? बहुतेकांना वाटते, अपघात झाला तिथे. संकेश्वरजवळ अपघात झाला की कोल्हापूरकर कर्नाटकातल्या न्यायालयाच्या कल्पनेनेच दावा सोडून देतो. कायदा सांगतो की दावेदार राहतो किंवा व्यवसाय करतो तिथेही दावा करता येतो. त्यामुळे संकेश्वरचा अपघात कोल्हापुरात चालू शकतो. मुदतीचे मात्र भान हवे. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट आली. तिला आव्हान दिलेले आहे, आणि केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. तरी त्या भरवशावर कुणी थांबू नये.

ठोकणारे वाहन पळून गेले, नंबर मिळाला नाही, तर काहीच मिळत नाही असे मानले जाते. अशा प्रकरणांत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची केंद्राची योजना आहे. तिचा अर्ज महसूल खात्याच्या अधिकाऱ्याकडे जातो. फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला म्हणून भरपाई बुडते, हेही खरे नाही. प्राधिकरण पुराव्याचे पारडे कुणीकडे झुकते एवढेच पाहते, तिथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. चालकाकडे परवाना नसेल तरी अनेकदा विमा कंपनीला आधी भरपाई देऊन मग मालकाकडून वसूल करायला सांगितले जाते. हेल्मेट नव्हते हा दंडाचा विषय आहे, त्याने दावा रद्द होत नाही. डोक्याला मार लागला असेल तर रकमेत कपातीचा वाद मात्र निघू शकतो.

भरपाई न्यायाधीशांच्या मनावर असते, हा समज मोडायला एक हिशेब पुरे. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत महिना पंधरा हजार मिळवणारा पस्तीस वर्षांचा कामगार रस्त्यावर दगावला, घरी बायको, दोन मुले आणि आई आहे, असे धरू. कायम नोकरी नसेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे भविष्यातील वाढीचे चाळीस टक्के मिळवायचे. झाले एकवीस हजार. अवलंबून असणारे चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा, उरले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. या वयाला २००९ च्या निकालातला गुणक सोळा. म्हणजे तीस लाख चोवीस हजार, शिवाय अंत्यविधी, सहवासाची हानी वगैरेंच्या ठरावीक रकमा आणि व्याज. हा हिशेब माहीत असलेले कुटुंब दारात आलेल्या माणसाच्या दोन लाखांच्या ‘तडजोडी’वर सही करणार नाही. मृत व्यक्ती गृहिणी असेल तर ‘ती कमावत नव्हती’ म्हणून भरपाई नाही, हेही ऐकू येते. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमांचे मूल्य महिना तीन हजार धरले होते, आणि जानेवारी २०२१ मध्ये अशा कुटुंबांना मानीव उत्पन्न धरून भरपाई द्यावी हे पुन्हा ठासून सांगितले.

विम्याबद्दलचा एक समज मात्र उलट्या दिशेचा आहे, आणि या जिल्ह्यात तो जीवघेणा ठरतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेला, आदमापूरला, लग्नाच्या वऱ्हाडाला माणसे टेम्पोत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात. ‘गाडीचा विमा हाय की.’ मालवाहू गाडीच्या विम्यात असे प्रवासी येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये निश्चित केले. अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकावर, म्हणजे बहुधा गावातल्याच एखाद्या शेतकऱ्यावर पडतो. जखमींना निकाल मिळतो, पैसे मिळत नाहीत. दुचाकीचा नुसता तृतीय पक्ष विमा असेल तर मागे बसलेल्या माणसालाही तो लागू होत नाही. थोडे जास्त पैसे भरून सर्वसमावेशक विमा घेतलेला बरा, तो त्यासाठीच.

कुणी रस्त्यावरच्या खड्ड्यात पडून मेला तर कोण जबाबदार? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या गटारांमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी सहा लाख, तर जखमींसाठी पन्नास हजार ते अडीच लाख रुपयांची भरपाई ठरवली. ज्या यंत्रणेचा रस्ता, तिने ती द्यायची. पावसाळ्यानंतरचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या आदेशाचे मोल वेगळे सांगायला नको. कारखान्यातल्या दुखापतीत ‘तो ठेकेदाराचा माणूस’ म्हणून हात झटकणाऱ्या मालकांनाही कायदा मोकळे सोडत नाही. मूळ मालकाची जबाबदारी १९२३ च्या कायद्यापासून चालत आली आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे.

परदेशाच्या वाटेवरचे गैरसमज थोडे, पण महागात पडणारे. आखाती देशांत मजुरीला जाणाऱ्या दहावी न झालेल्या तरुणाला केंद्र सरकारची स्थलांतर मंजुरी लागते. एजंट ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलू’ म्हणतो तेव्हा तो या मंजुरीतून मिळणारे संरक्षणच काढून घेत असतो. नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि त्याची नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. पासपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्र किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा लागतोच असे समजून बायका वर्षानुवर्षे थांबतात. डिसेंबर २०१६ मध्ये ही अट काढली गेली.

लग्न आणि व्हिसा एकत्र येतात तिथे गुंता वाढतो. अमेरिकेतल्या मराठी नवऱ्याने तिकडे एकतर्फी घटस्फोट घेतला आणि कागद कोल्हापूरच्या सासऱ्यांकडे पाठवला, तर इथे तो आपोआप मान्य होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालानुसार ज्या कायद्याने लग्न झाले त्यातल्याच कारणावर, आणि दोघांनीही त्या न्यायालयाचा अधिकार मानलेला असेल, तरच तो इथे टिकतो. म्हणून परदेशी न्यायालयाची नोटीस आली की वकिलाला दाखवल्याशिवाय उत्तर धाडू नये. तिकडे मात्र त्या हुकूमनाम्याने पत्नीचा नवऱ्यावर अवलंबून असलेला एच-४ व्हिसा दर्जा संपतो. ग्रीन कार्ड दोन वर्षांच्या अटीचे असेल तर घटस्फोटाने ते बुडालेच, असे नवरा धमकावतो, पण तसे नसते. लग्न खरे होते हे दाखवून ती एकटीने अट काढण्याचा अर्ज करू शकते.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे, म्हणून यातले बरेच लोक वकिलाकडे जातच नाहीत. मोफत विधी सेवा फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना मिळते असे त्यांना वाटते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार उत्पन्न कितीही असो, प्रत्येक स्त्रीला आणि बालकाला, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना आणि औद्योगिक कामगारांना हा हक्क आहे. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.