सातपुड्यातील चित्रांच्या कपारी



आपल्या वऱ्हाडच्या उत्तरेला सातपुडा पर्वत आहे. त्याच्या आपल्याकडील रांगेला गाविलगडचे डोंगर म्हणतात. मोर्शी, वरुड, अचलपूर, चांदूर बाजार या भागांतून उत्तरेकडे पाहिले की हे डोंगर निळे निळे दिसतात. महाशिवरात्रीला आपली माणसे सालबर्डीच्या यात्रेला जातात, हिवाळ्यात बहिरमच्या यात्रेला जातात. यात्रेत आपण पाळण्यात बसतो, रेवड्या खातो आणि घरी येतो. पण याच डोंगरांच्या कपारींत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी काढलेली चित्रे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती कशी सापडली आणि ती कशी टिकतील, हे या लेखात सांगितले आहे.

गुहा, कपार आणि लेणे

प्रथम तीन शब्दांतला फरक समजून घेऊ. डोंगराच्या पोटात आपोआप झालेली खोल पोकळी म्हणजे गुहा. मोठा दगड छपरासारखा पुढे आलेला असतो आणि त्याच्याखाली बसण्याजोगी जागा असते, ती कपार. माणसाने छिन्नी-हातोडा घेऊन दगडात खोदून काढलेले दालन म्हणजे लेणे. अजिंठ्याला आहेत ती लेणी. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात पातूरला आहेत तीही लेणीच.

लेणे खोदायला लोखंडाची हत्यारे लागतात. पण ज्या काळच्या माणसाला लोखंड माहीत नव्हते, शेती माहीत नव्हती, त्याने काय करायचे? ऊन, पाऊस आणि जंगली जनावरे यांपासून वाचायला तो आयत्या कपारीत राहत असे. म्हणून फार जुन्या माणसाच्या खुणा शोधायच्या असतील तर कपारी शोधाव्या लागतात.

कपार कशी तयार होते ?

आपल्या शेतातली काळी माती काळ्या पाषाणापासून झाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस बाहेर आला, पसरला आणि थंड होऊन त्याचा हा काळा दगड झाला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग या दगडाने झाकलेला आहे.

पण सालबर्डीच्या आसपास गाविलगडच्या पायथ्याशी एक वेगळाच दगड उघडा पडलेला दिसतो. तो पिवळसर, तांबूस आणि हाताला खरखरीत लागतो. हा वाळूचा दगड, म्हणजे वालुकाश्म. फार जुन्या नद्यांनी आणलेली वाळू थरावर थर साचून, दाबून घट्ट झाली आणि त्याचा हा दगड बनला. तो काळ्या पाषाणाच्याही आधीचा. सालबर्डीच्या परिसरात तर काळ्या पाषाणाखालच्या थरांमध्ये डायनोसॉर या प्रचंड प्राण्याच्या हाडांचे जीवाश्मही संशोधकांना मिळाले आहेत.

वालुकाश्माचे सगळे थर सारखे घट्ट नसतात. पाणी आणि वारा मऊ थराला हळूहळू खातात, कठीण थर वर तसाच राहतो. आपल्या घराच्या मातीच्या भिंतीला पावसाचे पाणी लागून खालून पोखर पडते ना, तसेच हे होते. हजारो वर्षे असे चालले की वर दगडाचे छप्पर आणि खाली पोकळ जागा तयार होते. झाली कपार !

शोध कसा लागला ?

अमरावती-मोर्शी भागातले काही निसर्गप्रेमी सुटीच्या दिवशी जंगलात भटकत असत. पक्षी पाहावेत, जनावरांचे ठसे पाहावेत, झाडे ओळखावीत ही त्यांची हौस. डॉ. विजय इंगोले हे त्यांतले एक. ते अभियांत्रिकीचे जाणकार. पद्माकर लाड, प्रदीप हिरुरकर, शिरीषकुमार पाटील, डॉ. मनोहर खोडे हे आणि आणखी काही सोबती त्यांच्याबरोबर असत. जुन्या वस्तू उकरणे हा त्यांचा पेशा नव्हता.

२७ जानेवारी २००७ रोजी या मंडळींना डोंगरातल्या एका कपारीत रंगीत चित्रे दिसली. जागा होती मोर्शी तालुक्याच्या सीमेला लागून, मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, धारूळ गावाच्या बाजूला. तिथे अंबादेवीचे गुहेतले देऊळ आहे. देवळात भाविक जातच होते. त्या देवीच्या नावावरूनच पुढे या कपारींना ‘अंबादेवीच्या चित्रगुहा’ म्हणू लागले.

एक कपार सापडली म्हणून ही मंडळी थांबली नाहीत. आसपास आणखी असणारच, असे त्यांनी धरले. पुढची कित्येक वर्षे ते पुन्हा पुन्हा गेले. नाले चढले, कडे पाहिले, प्रत्येक कपारीची नोंद केली, छायाचित्रे घेतली. नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण या सरकारी खात्याच्या नागपूरच्या अभ्यासकांनीही या डोंगरांची पाहणी केली. आता येथे दोनशेहून अधिक कपारींची नोंद झाली आहे. यांतली काही चित्रे पंचवीस हजार वर्षांपर्यंत जुनी असावीत, असा शोधकांचा अंदाज आहे.

पाहा, डोंगर तेच होते, कपारीही त्याच होत्या. “अबे, थ्या कपारीत काय ठेवलं हाये? नुस्ते दगडं अन् वटवाघुयं !” असे म्हणून माणसे पुढे जातात. ज्यांनी थांबून भिंतीकडे नीट पाहिले, त्यांना चित्रे दिसली.

शोधणारे काय काय पाहतात ?

उगाच रानोमाळ हिंडून कपारी सापडत नाहीत. त्यालाही पद्धत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे दगड. वालुकाश्माचा कडा कुठे आहे ते आधी पाहतात. दुसरी गोष्ट पाणी. माणूस पाण्याशिवाय राहू शकत नाही, म्हणून नाला, झरा किंवा डोह जवळ असलेल्या कपारी आधी तपासतात. तिसरी गोष्ट ऋतू. पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला रान दाट असते, समोरची कपारही दिसत नाही. पानगळ झाली की कडे उघडे पडतात.

चौथी गोष्ट म्हणजे उजेड. भर दुपारी फिकट चित्र दिसत नाही. सकाळी किंवा सायंकाळी तिरपे ऊन आले की दगडावर कोरलेली रेघ उठून दिसते. पाचवी गोष्ट खालची जमीन. कपारीच्या तळाशी गारगोटीचे किंवा अकीकाचे धारदार छिलके पडलेले असले, तर तिथे माणूस बसून हत्यारे घडवीत होता असे समजते.

आणि सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गुराखी, मध काढणारे, डिंक-मोहफुले वेचणारे यांना विचारणे. कोणत्या नाल्याला बारमाही पाणी आहे, पावसात ढोरे कोणत्या दगडाखाली उभी राहतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पुस्तकातले ज्ञान आणि त्यांचे ज्ञान एकत्र आले म्हणजे शोध लवकर लागतो.

चित्रांत काय आहे ?

भिंतींवर हरणे आहेत, बैलांसारखे प्राणी आहेत, हत्ती आणि वाघ आहेत. माणसांच्या आकृती आहेत. काही ठिकाणी दगडावर कोरलेल्या रेघा आणि वाटीसारखे गोल खळगेही आहेत. पुष्कळ चित्रे तांबड्या रंगात आहेत. तांबडा रंग म्हणजे आपला गेरूच. गेरूमध्ये लोखंडाचा अंश असतो. तो उन्हाने सहसा उडत नाही, कुजत नाही, त्याला कीड लागत नाही. पोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवतो तो रंग चार पावसांत जातो. पण कपारीतला गेरू वरच्या दगडी छपरामुळे पावसापासून वाचला आणि दगडाच्या बारीक छिद्रांत मुरून बसला. म्हणून तो टिकला.

या चित्रांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की त्या काळच्या माणसाने लिहून काहीच ठेवले नाही. त्याला लिहिताच येत नव्हते. कोणते प्राणी इथे फिरत होते, माणसे शिकार कशी करीत, हे त्याने चित्रातच सांगून ठेवले. आपल्या वऱ्हाडच्या इतिहासाचे हे पहिले पान आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही.

हजारो वर्षे टिकले, पण एका दिवसात जाईल

आता खरी काळजीची गोष्ट. पाऊस, वारा, थंडी यांतून जे वाचले, ते माणसाच्या हाताने एका दिवसात नाहीसे होऊ शकते.

चित्र स्पष्ट दिसावे म्हणून काही लोक त्यावर पाणी मारतात. तेवढ्यापुरते ते खुलून दिसते, पण पाण्याबरोबर क्षार वर येतात आणि रंगाचा पापुद्रा सुटतो. कोणी कोळशाने किंवा खडूने आपले नाव लिहितो. कोणी कपारीतच गोवऱ्या पेटवून रोडगे भाजतो. रोडगे चवदार होतात खरे, पण धुराची काजळी भिंतीवर बसते आणि तिच्याखालचे चित्र पुन्हा दिसत नाही. रोडग्यांचा कार्यक्रम खाली नाल्याकाठी मोकळ्या जागेतही होतो.

त्याहून वाईट म्हणजे गुप्तधनाचा नाद. कपारीत हंडा पुरलेला आहे, असे कोणी भोंदू सांगतो आणि माणसे रात्री कुदळ-फावडे घेऊन जातात. अहो, ज्या काळी सोन्याचे नाणेच नव्हते, त्या काळच्या माणसाने हंडा कुठून पुरावा? हंडा तर मिळत नाहीच, पण नुकसान मोठे होते. कसे ते पाहा. कणगीत तळाशी परवाच्या सालची ज्वारी, मध्ये गेल्या सालची आणि वर यंदाची, अशी ओळीने असते. कोणी हात घालून सगळी ढवळली, तर कोणती कधीची हे सांगता येईल काय? कपारीतली मातीही तशीच असते. खालचा थर जुना, वरचा नवा. राख, हाडाचे तुकडे, दगडी हत्यारे कोणत्या थरात आहेत यावरून काळ ठरवतात. एकदा उकरले की ती ओळ मोडली, आणि मोडलेली ओळ कोणत्याही शास्त्रज्ञाला पुन्हा लावता येत नाही.

दूरदेशीच्या दोन गोष्टी

स्पेन देशात अल्तामिरा नावाची गुहा आहे. १८७९ साली एक गृहस्थ त्या गुहेची जमीन तपासत होते. त्यांच्याबरोबर मारिया नावाची आठ वर्षांची मुलगी होती. वडील खाली पाहत होते, मुलीने वर पाहिले आणि छतावरचे रंगीत गवे तिला दिसले. पुष्कळ पंडितांनी सुरुवातीला विश्वास ठेवला नाही. इतका जुना माणूस इतके चांगले चित्र काढील हे त्यांना पटेना. १९०२ साली मान्यता मिळाली, तेव्हा मारियाचे वडील हयात नव्हते.

फ्रान्स देशात १९४० साली चार मुलांना लास्को येथील चित्रांची गुहा सापडली. ती १९४८ साली लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. रोज शेकडो माणसे येऊ लागली. त्यांच्या श्वासाने हवा दमट झाली, भिंतींवर शेवाळ चढू लागले. शेवटी १९६३ साली ती गुहा लोकांसाठी बंद करावी लागली. हात न लावता, नुसत्या गर्दीनेही चित्रे बिघडतात, हे तेव्हा जगाला कळले.

आपल्या देशात भोपाळजवळच्या भीमबेटका येथील चित्रगुहा डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली उजेडात आणल्या. आगगाडीतून जाताना दुरून त्या खडकांनी त्यांचे लक्ष वेधले आणि ते मुद्दाम तिथे गेले. २००३ साली त्या ठिकाणाची जागतिक वारसा यादीत नोंद झाली.

एवढे लक्षात ठेवा

१. डोंगरात एकट्याने किंवा न सांगता जाऊ नका. मोठ्या माणसांबरोबर आणि वनखात्याच्या परवानगीनेच जा.
२. अंधाऱ्या कपारीत एकदम शिरू नका. आत अस्वल असू शकते. वर आग्या मोहोळ आहे काय तेही पाहा. धूर, आरडाओरड करू नका.
३. चित्राला बोट लावू नका, पाणी लावू नका, खडूने गिरवू नका.
४. दगडी हत्यार दिसले तर खिशात घालू नका. जिथे आहे तिथेच राहू द्या.
५. काही नवीन दिसले तर जागेची खूण लक्षात ठेवा. कोणता नाला, कोणते झाड, गावापासून किती चालावे लागले, हे वहीत लिहा आणि गुरुजींना सांगा. गुरुजी तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवतील.

करून पाहा

दोन खरखरीत दगड घ्या. दोन्हींवर ओल्या गेरूने सारखेच बैलाचे चित्र काढा आणि वाळू द्या. मृग लागण्याआधी एक दगड उघड्या अंगणात ठेवा, दुसरा ओसरीच्या वळचणीच्या आत, पाऊस लागणार नाही असा ठेवा. दिवाळीला दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहा. कपारीने काय काम केले ते तुम्हाला समजेल.

पालकांना विनंती

आपण ढोरे चारायला, मोहफुले वेचायला किंवा देवाला म्हणून डोंगरात जात असाल. आपल्या घरच्या आजोबा-आजींनीही अशा कपारी पाहिल्या असतील. “त्या दगडावर तांबडे काहीतरी काढलेले आहे” असे कोणी सांगत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. शाळेत येऊन सांगा. आम्ही ते वहीत उतरवून ठेवू.