शेणकिडा आणि माकड

शेणाची गोळी लोटीत नेणारा शेणकिडा आणि शेतांत शिरणारें लाल तोंडाचें माकड ज्यानें पाहिलें नाहीं, असा मनुष्य आमच्या भंडारा जिल्ह्यांत विरळा. एकाची आपणांस किळस येते. दुसऱ्यावर आपण दगड उचलतों. या दोहोंत श्रेष्ठ कोण, याचा आज विचार करूं.

शरीररचना पाहतां दोघांत मोठें अंतर आहे. माकडाचीं हाडें आंत, तर किड्याचें कठीण कवच बाहेर. माकड फुप्फुसांनीं श्वास घेतें; सहा पायांचा किडा अंगाच्या बाजूंवरील सूक्ष्म छिद्रांनीं. माकडीण सुमारें साडेपांच महिन्यांनीं बहुधा एकच पिलूं प्रसवते व त्यास दूध पाजून वाढविते. शेणकिड्याची मादी शेणाच्या गोळींत अंडें घालते. आंतील अळी तेंच शेण खाऊन वाढते, कोषावस्थेंत जाते व पूर्ण किडा होऊन बाहेर पडते.

बुद्धीनें माकड वरचढ खरें. मनुष्याच्या रक्तांतील ज्या घटकास 'आर-एच' म्हणतात, त्याचा शोध लँडस्टायनर व वीनर यांनीं १९४० सालीं याच ऱ्हीसस माकडाच्या रक्ताच्या साह्यानें प्रसिद्ध केला. परंतु जातींच्या संख्येनें किडा भारी. टणक पंखांच्या कीटकांच्या सुमारें चार लाख जाती शास्त्रज्ञांनीं नोंदल्या आहेत. माकडें, वानर व त्यांचे सर्व सगेसोयरे मिळून सुमारें पांचशेंच.

किड्याचें मोल ऑस्ट्रेलियास कळलें. बाहेरून नेलेल्या गाईंचें शेण तेथील किड्यांस आवरेना. कुरणें झांकलीं व माशा माजल्या. अखेर १९६५ ते १९८५ या काळांत परदेशांतून शेणकिडे आणून सोडावे लागले.

आतां दोघांची सांगड पाहा. माकड गालांतील पिशव्यांत फळें भरून दूर नेतें. कांहीं बिया थुंकतें, कांहीं विष्ठेंतून पडतात. शेणकिडे ती विष्ठा जमिनींत पुरतात. तिच्याबरोबर पुरलेल्या बिया उंदरांपासून वांचतात व त्यांतील कांहीं रुजतात. अशा रीतीनें एक पेरणारा, दुसरा माती लोटणारा.

माकडें पिकें नासतात, हें शेतकरी पालकांचें दुःख खरें आहे. म्हणूनच रस्त्यावर त्यांना चणे-फुटाणे टाकूं नयेत. त्या संवयीनें तीं रान सोडून वस्तीकडे वळतात. गुरांस जंतांचें औषध गरजेपुरतेंच द्यावें. कांहीं औषधें शेणांत उतरून शेणकिड्यांच्या अळ्या मारतात. श्रेष्ठ कोण, हा प्रश्न आम्हांस आतां फोल वाटतो. रान टिकावयाचें तर दोघेही हवेत.