तरंगत्या वनस्पती माशांना ऑक्सिजन देतात का?

परसात हौद बांधून मासे सोडले की पहिला सल्ला ठरलेला असतो: पाण्यावर हिरवळ जितकी दाट, तितका माशांना ऑक्सिजन जास्त. नर्सरीतही तेच सांगतात. मग या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी नाहीतर पिस्टिया पसरते. उन्हाळ्यातल्या एखाद्या पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, दोन-चार मरतात, आणि खापर फुटतं खाद्यावर किंवा रोगावर.

हा सल्ला साफ चुकीचा आहे. जलपर्णीची आणि पिस्टियाची पानं हवेत असतात, त्यामुळे त्यांनी सोडलेला बहुतेक ऑक्सिजन हवेतच जातो. पाण्यात असतात ती मुळं, आणि मुळं रात्रंदिवस ऑक्सिजन वापरतात. हौदाला ऑक्सिजन मिळायच्या वाटा दोन: उघड्या पृष्ठभागावरून हवेतून, आणि पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिला, व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पती व शेवाळातून. वर दाट थर साचला की पाण्याला वारा लागत नाही, खाली उजेड पोचत नाही. दोन्ही वाटा बंद. शिवाय पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे फार तर 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. रात्रभर वापर चालू राहून पहाटे साठा तळाला जातो, म्हणून मासे नेमके तेव्हा तडफडतात.

यावर हमखास उत्तर येतं, 'पण जलपर्णी पाणी शुद्ध करते, नासानं सिद्ध केलंय!' अर्धंच खरं आहे. 1970च्या दशकात नासाचे बिल वोल्व्हर्टन यांनी अमेरिकेत मिसिसिपी राज्यात सांडपाण्यावर जलपर्णीचे प्रयोग केले, आणि ती नायट्रोजन-फॉस्फरस भराभर शोषते हे दाखवलं. मात्र अशा पद्धतीत वाढलेली झाडं वेळोवेळी उपसून काढावीच लागतात, हे सांगायला सगळे विसरतात. हौदातला एक गड्डा उचलून बघा. पिसासारख्या काळपट-जांभळ्या मुळांत गाळ आणि माशांची विष्ठा अडकलेली दिसेल. गड्डा बाहेर टाकलात तरच ती घाण पाण्यातून गेली. तो तिथंच कुजला तर शोषलेलं सगळं पाण्यात परत येतं, आणि कुजताना ऑक्सिजन खर्च होतो तो वेगळाच.

तरंगत्या वनस्पती लावूच नयेत असं मुळीच नाही. त्या सावली धरतात, पाणी हिरवं होऊ देत नाहीत, पिल्लांना मुळांत आसरा देतात. फक्त निम्मं पाणी तरी उघडं हवं. बागेच्या पाइपची दोन टोकं घट्ट जोडून तरंगतं कडं करा आणि झाडं त्याच्या आत ठेवा. गोल्डफिश असतील तर डकवीड उत्तम. ते आवडीनं खातात, त्यामुळे पसाराही आटोक्यात राहतो. पिस्टिया नव्या, स्वच्छ पाण्यात पिवळी पडते, कारण तिथं तिला पोषण नसतं. मासे रुळेपर्यंत थांबा, खत घालू नका.

आणखी काही समज. अझोला पाण्यातला नायट्रोजन संपवतो? त्याच्या पानांतले सूक्ष्मजीव उलट हवेतला नायट्रोजन पकडतात. भातखाचरात तो खत म्हणून घालतात तो याचसाठी. डास रोखायला गप्पी मासे सोडले की झाडं कितीही चालतात? मॅन्सोनिया डासाच्या अळ्या मुळांनाच चिकटून तिथूनच हवा घेतात, आणि त्या गचपणात गप्पींना सापडत नाहीत. कमळ हीसुद्धा तरंगती वनस्पती? कमळाची मुळं चिखलात असतात, त्याला कुंडी आणि माती लागते.

जलपर्णी मात्र विकत आणूच नका. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. शोभेसाठी आलेल्या या झाडानं बंगालचे जलमार्ग आणि शेती इतकी जेरीस आणली की 1936 मध्ये तिथं त्यासाठी कायदा करावा लागला. कोल्हापूरच्या रंकाळ्यानं आणि पुण्याच्या मुळा-मुठेनंही तिचा विळखा सोसला आहे. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. हौदात आधीच असेल तर सगळी उपसा, कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच कंपोस्टमध्ये घाला. नाल्यात, ओढ्यात किंवा तळ्यात एक गड्डाही टाकू नका.