कळा मंदावल्या म्हणून घाबरू नका

पिशवीचं तोंड पूर्ण, म्हणजे 10 सेंटीमीटर उघडलं, की काही जणींच्या कळा थोडा वेळ मंदावतात. 10-20 मिनिटं बाई डोळे मिटून पडते, डुलकीही लागते. बाहेर सासूबाईंचा जीव मात्र वरखाली! पण बाळाचे ठोके नीट असतील तर हा शरीराने घेतलेला विसावा आहे. तेवढ्यात बाळाचं डोकं खाली सरकतं, मग जोर आपसूक येतो. ‘लाव जोर’ म्हणून ओरडू नये, वरून पोट दाबणं तर नकोच; जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 मध्ये तसंच सांगितलं आहे. सोबतच्या बाईने घोटभर पाणी द्यावं, कुशीवर वळायला मदत करावी. सिस्टर दर 5 मिनिटांनी ठोके ऐकतात ना, एवढं जरूर विचारावं. रक्त जास्त गेलं, ताप आला किंवा ठोके बिघडले, तर डॉक्टरांना तत्काळ बोलवायला सांगा.