पगार, पदक आणि पोट

११ ऑगस्ट १९३२ या दिवशी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक मैदानावर भारताच्या हॉकी संघाने यजमान अमेरिकेला २४-१ असं हरवलं. चोवीसपैकी आठ गोल ध्यानचंदने केले, पाच गुरमीतसिंगने, एक पिनिगरने. उरलेले दहाच्या दहा गोल ध्यानचंदच्या धाकट्या भावाचे, रूपसिंगचे होते. आठवडाभर आधी, ४ तारखेला, जपानला ११-१ असं लोळवताना रूपसिंगने तीन गोल केले होते. स्पर्धेत संघ तीनच होते, त्यामुळे भारताचे सामने दोनच झाले. त्या दोन सामन्यांत रूपसिंगचे गोल तेरा आणि ध्यानचंदचे बारा. थोरल्या भावाची कीर्ती एवढी मोठी झाली की हा हिशेब जबलपुरातल्या माणसालाही आज सांगावा लागतो. आणि जबलपुरातल्या माणसाला तो ठाऊक असायला हवा, कारण रूपसिंगचा जन्म जबलपूरचा, ८ सप्टेंबर १९०८चा.

वडील समेश्वर सिंह ब्रिटिश हिंदी सैन्यात. पलटण जाईल तिथे बिऱ्हाड जायचं, म्हणून एक मुलगा अलाहाबादेत जन्मला, दुसरा जबलपुरात, आणि घर अखेर झाशीत स्थिरावलं. त्या काळात जबलपूर म्हणजे छावणी, रेल्वे आणि १९०४ साली निघालेला तोफगाड्यांचा कारखाना. हॉकी इथे आली ती याच वाटेने, पलटणींबरोबर.

जुनं शहर मात्र गढा. मदनमहालाच्या टेकडीखालची ही वस्ती गोंड राजांची राजधानी होती. संग्रामशाहाचे बावन्न गड आणि १५६४ साली मुघल फौजेशी लढताना देह ठेवणारी राणी दुर्गावती ही इथल्या मुलांची पहिली इतिहासाची ओळख असते. आपण मराठी माणसं या गोष्टीत उशिरा येतो, आणि पाहुणे म्हणून येत नाही. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचं राज्य खालसा केलं, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, आणि १८१७च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतलं. चाळीस वर्षांनी, १८ सप्टेंबर १८५७ रोजी, त्याच गोंड घराण्यातले शंकरशाह आणि रघुनाथशाह या बापलेकांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलं. राज्य जाणं, जमीन जाणं आणि मग दुसऱ्याच्या नियमांनी जगणं, हा इथला अनुभव आहे. म्हणून रूपसिंगचा शोध घेताना लॉस एंजेलिसच्या त्याच मैदानाशी जोडलेलं दुसरं एक नाव समोर आलं तेव्हा ते मला परकं वाटलं नाही. ते नाव जिम थॉर्पचं.

रूपसिंगच्या दहा गोलांच्या तीनच दिवस आधी, ८ ऑगस्टला, त्याच मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा प्रदर्शनीय सामना झाला होता. लंबगोल चेंडू, बाजूला अकरा-अकरा खेळाडू, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही सरकलात तर चेंडू समोरच्याचा. पश्चिमेकडच्या तीन विद्यापीठांच्या संघाने पूर्वेकडच्या हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या संघाला ७-६ असं हरवलं. खेळणारे सगळे कॉलेजचे विद्यार्थी होते. या खेळाची पगारी लीग तेव्हा बारा वर्षं जुनी होती, पण ऑलिंपिकच्या दारात पगारी खेळाडूला उभंही करत नसत. त्याच स्पर्धेतून फिनलंडच्या पावो नुर्मीला ऐनवेळी वगळलं गेलं. धावण्याचे पैसे घेतले, हा त्याच्यावरचा आरोप.

आणि त्या पगारी लीगचा पहिला अध्यक्ष, एके काळचा ऑलिंपिक विजेता जिम थॉर्प, त्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्येच होता. मंदीत काम मिळेना म्हणून वर्षभरापूर्वी तो तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या बांधकामावर कुदळ-फावडं घेऊन खोदकाम करत होता. ऑलिंपिकचं तिकीट काढायला त्याच्याकडे पैसे नाहीत ही बातमी फुटली, तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांनी त्याला मानाच्या कक्षात आपल्यासोबत बसवलं आणि प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, असं तेव्हापासून सांगितलं जातं. कर्टिस स्वतः काव या मूळ अमेरिकन जमातीच्या आईचा मुलगा. थॉर्प सॅक अँड फॉक्स जमातीचा.

या जमातीला इलिनॉय-आयोवाच्या भागातून हुसकावलं गेलं, ती कॅन्सासला आली, तिथूनही उठवून आजच्या ओक्लाहोमात नेली गेली. थॉर्प तिथे १८८७-८८च्या सुमारास जन्मला. तो जेमतेम चार वर्षांचा असेल, तेव्हा ती राखीव जमीनही गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी खुली झाली. जुळा भाऊ लहानपणीच गेला. पुढे त्याला पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या निवासी शाळेत धाडलं. ही शाळा १८७९ साली एका लष्करी अधिकाऱ्याने जुन्या बराकींत काढलेली. मुलांचे केस कापायचे, कपडे बदलायचे, मातृभाषा बंद करायची आणि त्यांना गोऱ्यांसारखं करून सोडायचं, हे तिचं जाहीर धोरण होतं. त्याच शाळेच्या मैदानावर प्रशिक्षक पॉप वॉर्नरने थॉर्पला फुटबॉलमध्ये आणलं.

त्या काळचा खेळ आजच्यासारखा वाटून दिलेला नव्हता. आज लाथ मारणारा वेगळा, पळणारा वेगळा, अडवणारा वेगळा. थॉर्प चेंडू घेऊन पळायचा, फेकायचा, समोरच्याला खाली पाडायचा आणि हातातून सोडलेला चेंडू जमिनीला टेकून उसळतो न उसळतो तोच लाथेने गोलखांबांच्या मधून पाठवायचा. १९११ साली बलाढ्य हार्वर्डला कार्लाइलने १८-१५ असं हरवलं, त्यात थॉर्पने लाथेने चार गोल केले होते. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात लष्करी अकादमीचा संघ २७-६ असा हरला. त्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेट खेळत होता.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, स्टॉकहोममध्ये, थॉर्पने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन ही दोन्ही सुवर्णपदकं घेतली होती. पेंटॅथलॉनच्या पाचपैकी चार प्रकारांत तो पहिला. डेकॅथलॉनमध्ये त्याचे ८४१२ गुण झाले आणि दुसऱ्या क्रमांकाचा स्वीडनचा ह्यूगो व्हीसलँडर जवळजवळ सातशे गुणांनी मागे राहिला. स्पर्धेच्या वेळचं त्याचं एक छायाचित्र आहे. त्यात दोन पायांत दोन वेगळे बूट दिसतात, मोजेही जुळत नाहीत. त्याचे बूट हरवले होते, मिळतील ते त्याने घातले, असं सांगतात.

जानेवारी १९१३मध्ये एका वृत्तपत्राने छापलं की थॉर्पने १९०९ आणि १९१०च्या उन्हाळ्यांत नॉर्थ कॅरोलिनात छोट्या लीगमध्ये बेसबॉल खेळून पैसे घेतले होते. खरंच घेतले होते, किरकोळ रक्कम होती. इतर कॉलेजांची मुलंही सुट्टीत असं खेळायची, पण ती खोट्या नावाने. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. पदकं परत मागवली गेली आणि नोंदवहीतून त्याचं नाव काढलं. नियम असा होता की हरकत तीस दिवसांत घ्यायची. ती घेतली गेली सहा महिन्यांनी. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांना पोटासाठी खेळावं लागत नव्हतं. हौशी खेळाडूचा हा आदर्श घरचं पाठबळ असलेल्यांनी घडवलेला होता आणि त्याची किंमत नेहमी गरिबाने मोजली, हे मला या सगळ्या प्रकरणातलं खरं दुखणं वाटतं.

पदकं गेल्यावर थॉर्प उघडपणे व्यावसायिक झाला. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये खेळला, आणि १९१५ साली ओहायोच्या कँटन बुलडॉग्ज संघाने त्याला सामन्याला २५० डॉलर देऊन फुटबॉलसाठी घेतलं. संघाच्या मालकाला हा वेडेपणा आहे असं अनेकांनी सुनावलं होतं. पण शेजारच्या मॅसिलॉन गावाविरुद्धच्या सामन्याला हजारो लोक लोटले आणि पैसे वसूल झाले. मध्यंतरात थॉर्प मैदानाच्या मधोमध उभा राहून आधी एका टोकाच्या खांबांतून आणि मग वळून दुसऱ्या टोकाच्या खांबांतून चेंडू पाठवून दाखवायचा. १७ सप्टेंबर १९२० रोजी कँटनमधल्या मोटारींच्या एका शोरूममध्ये निरनिराळ्या संघांचे चालक जमले आणि त्यांनी संघटना स्थापली. अध्यक्षपद थॉर्पला दिलं, कारण त्या खोलीतलं देशाला ठाऊक असलेलं नाव त्याचंच होतं. १९२२ साली तिचं नाव बदललं आणि तीच आजची एनएफएल, जगातली सर्वांत श्रीमंत क्रीडालीग.

पण त्याच १९२२ साली थॉर्प काय करत होता? ओहायोतल्या लारू या चिमुकल्या गावी वॉल्टर लिंगो नावाचा एक गृहस्थ एअरडेल जातीची कुत्री पाळून विकायचा. कुत्र्यांच्या जाहिरातीसाठी त्याने फुटबॉलचा संघ विकत घेतला, त्यात सगळे मूळ अमेरिकन खेळाडू भरले आणि थॉर्पला खेळाडू-प्रशिक्षक केलं. मध्यंतरात इतर संघ विश्रांती घेत. या संघातले खेळाडू पिसं लावून नाच करत आणि कुत्र्यांच्या कसरती दाखवत. दोन हंगामांत संघ चार सामने जिंकला आणि गुंडाळला गेला. ज्या लीगचा तो पहिला अध्यक्ष, तिच्यातच त्याला हे करावं लागलं. १९२८ साली, चाळिशी ओलांडल्यावर, शिकागो कार्डिनल्सकडून तो शेवटचा खेळला. पुढे हॉलिवूडमध्ये छोट्या भूमिका, मजुरी, आणि मागे म्हटलेलं ते खोदकाम.

आता रूपसिंगकडे. लॉस एंजेलिसला जायला त्याने आधी नकार दिला होता, कारण अंगावर घालायला धड कपडे नव्हते. ध्यानचंदने कपडे घेऊन दिले तेव्हा तो निघाला, असं सांगतात. हॉकी फेडरेशनची तिजोरी रिकामी होती. वर्गणी, कर्ज, वाटेतल्या सामन्यांचं उत्पन्न, असं करत संघ कोलंबोहून बोटीत बसला आणि पूर्वेकडून, जपान व हवाईमार्गे, सुमारे सहा आठवड्यांनी कॅलिफोर्नियात उतरला. सुवर्णपदकानंतरही सरळ घरी येता आलं नाही. खर्च भरून काढायला युरोपभर सामने खेळावे लागले. तिकीटखिडकीवर पैसे जमत होते आणि लोक ज्यांना पाहायला येत होते ते खेळाडू कागदोपत्री हौशीच होते.

रूपसिंग खेळायचा इनसाइड-लेफ्टला, ध्यानचंदच्या डाव्या हाताला. ही जागा किती अवघड आहे ते काठी हातात घेतल्याशिवाय कळत नाही. हॉकीच्या काठीची चेंडू मारायची सपाट बाजू एकच. चेंडू अंगाच्या उजवीकडे ठेवून डावीकडे मारणं सोपं जातं. डाव्या अंगाने चाल करणाऱ्याला मात्र गोल उजव्या हाताला पडतो. म्हणजे पळता पळता पाय आणि खांदे वळवून, चेंडूभोवती फिरून फटका काढायचा, आणि तेवढ्या वेळात बचावपटू अंगावर येतो. रूपसिंगचे फटके जोरासाठी प्रसिद्ध होते. त्या वळणातून तो जोर काढणं हे त्याचं खरं कसब, असं मला वाटतं. ध्यानचंद चेंडू काठीला चिकटवून ठेवायचा आणि नेमक्या क्षणी डावीकडे सोडायचा. दोघं भाऊ झाशीच्या मैदानावर एकत्र वाढलेले, त्यामुळे तो क्षण दोघांनाही ठाऊक असे. १९३६ साली बर्लिनमध्येही दोघं होते. सरावात ज्या जर्मनीने हरवलं होतं, तिलाच १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात ८-१ असं हरवून त्यांनी पुन्हा सुवर्ण आणलं.

या खेळातून रूपसिंगला पगार मिळाला नाही. पोट भरलं ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेतल्या नोकरीने. ग्वाल्हेर लान्सर्समध्ये तो कॅप्टन झाला. संस्थानं आणि पलटणी खेळाडू पदरी ठेवत, त्याला हुद्दा आणि तनखा देत, खेळायला मोकळीक देत. कुणी त्याला व्यावसायिक म्हटलं नाही, म्हणून त्याच्या पदकांवर कधी हरकत आली नाही. थॉर्पला तसा मालक नव्हता. दोन उन्हाळ्यांची किरकोळ कमाई त्याच्या नावावर थेट लागली, एवढाच दोघांतला फरक. शिंद्यांच्या फौजेची नोकरी आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या बेसबॉलचे पैसे यांत नैतिक अंतर कोणतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

रूपसिंग १६ डिसेंबर १९७७ रोजी वारला. ग्वाल्हेरचं कॅप्टन रूपसिंग स्टेडियम त्याच्या नावाचं, मुळात हॉकीचं असलेलं हे मैदान पुढे क्रिकेटचं झालं. २४ फेब्रुवारी २०१० रोजी तिथेच सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या, पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक. मराठी घराघरांत ती खेळी तोंडपाठ आहे. मैदानाचं नाव त्या दिवशी आपण सगळ्यांनी ऐकलं आणि पुढे गेलो. २०१२च्या ऑलिंपिकवेळी लंडनच्या भुयारी रेल्वेच्या खास नकाशावर स्थानकांना ऑलिंपिकवीरांची नावं दिली होती. त्यात भारतीय तीन: ध्यानचंद, लेस्ली क्लॉडियस आणि रूपसिंग.

थॉर्पला मरणानंतरही लवकर न्याय मिळाला नाही. मार्च १९५३मध्ये तो गेला. ओक्लाहोमात त्याचं पार्थिव जमातीच्या रीतीने मातीत जाणार होतं, पण तिसऱ्या पत्नीने ते तिथून हलवलं आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका गावाशी करार केला. गावाने आपलं नाव बदलून जिम थॉर्प ठेवलं आणि कबर तिथे झाली. मुलांनी न्यायालयात दाद मागितली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला. पदकांचं काम त्याहून थोडं बरं झालं. १९८२ साली ऑलिंपिक समितीने, हरकत मुदतीबाहेर होती हे मान्य करून, त्याला संयुक्त विजेता ठरवलं आणि पुढच्या जानेवारीत पदकांच्या प्रतिकृती मुलांच्या हाती दिल्या. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव नोंदीत परत यायला २०२२चा जुलै उजाडला, शंभराहून अधिक वर्षांनी.

२०२८चं ऑलिंपिक पुन्हा लॉस एंजेलिसला आहे. तिथे फ्लॅग फुटबॉल, म्हणजे न पाडता कमरेची पट्टी ओढून अडवायचा अमेरिकन फुटबॉलचा प्रकार, पहिल्यांदा पदकासाठी खेळला जाईल. एनएफएलच्या संघमालकांनी मे २०२५मध्ये एकमताने ठरवलं की त्यांचे पगारी खेळाडू त्यात उतरू शकतात.