उचल फिटेपर्यंत

पहाटे 4
थंडीत कोपीतून आधी बाहेर येते ती बाई. पाणी आणायचं, चूल पेटवायची, दिवसभराच्या भाकरी थापायच्या. ऊसतोडीची टोळी बीडहून आलेली. जोडप्याचं नाव लिहीत नाही. धारूर, केज, पाटोदा, वडवणी, शिरूर कासार, कुठल्याही तालुक्यातलं जोडपं घ्या, दिवस हाच असतो. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. गडी एकटा आला तर अर्धा.

सकाळी 6
फडात दहिवर असतं. तो बुडख्यातून ऊस तोडत पुढे सरकतो, ती पाचट काढते, वाढं छाटते, मोळ्या बांधते. ओल्या पानांनी हात चिरतात. धाकटं लेकरू बांधावर चादरीवर.

सकाळी 10
कालवण-भाकर खायला मोजकी मिनिटं. या भाकरीमागचं गणित मांडलंच पाहिजे. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम, घेतली: दवाखाना, बियाणं, मागची बाकी. एक लाख धरू. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला. त्या दरानेही लाख फिटायला 273 टन ऊस तोडावा लागतो. जोडीने रोज दोन टन तोडले, तर 137 दिवस, आणि त्यात खाणं-पिणं, औषधपाणी काहीच धरलेलं नाही. 2024-25 चा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू झाला आणि बहुतेक कारखान्यांचा पट्टा मार्चमध्येच पडला, गाळप थांबलं. एवढे दिवस आणायचे कुठून?

वेठबिगारी मोडणारा कायदा 1976 चा. त्याने वेठीची सारी कर्जं एका फटक्यात रद्द केली. आगाऊ पैसे देऊन माणसाचा हवं तिथे जाण्याचा, दुसरीकडे काम धरण्याचा हक्क काढून घेतला, तर तीही वेठबिगारीच, असं तो सांगतो. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम म्हणजे सक्तीचं काम, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये म्हटलं. हे कागद बळकट आहेत. पण उचल घेतलेला गडी हंगामाच्या मध्यात “मी दुसरीकडे जातो” म्हणून बघू दे!

दुपारी 1
आज तिच्या ओटीपोटात कळा येतायत. ती बसत नाही. बसली तर खाडा.

मला वाटतं, या धंद्यात माणूस मोकळा आहे की नाही, हे खाड्यावरून कळतं. काम नाही तर मजुरी नाही, हे कुठल्याही रोजंदाराला ठाऊक असतं. इथे मजुरी बुडतेच, वर दंड उचलीत चढतो. आजारपणही अंगावर कर्ज होऊन बसतं. पाळी, बाळंतपण, ताप, कशालाच या हिशेबात जागा नाही. फडात संडास नाही, आडोसा नाही, पाणी नाही.

दुखणं वाढत जातं. मग डॉक्टर म्हणतो, पिशवीच काढून टाका. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. ऑपरेशनचा खर्चही पुन्हा उचलीतूनच! हा आकडा वाचून महाराष्ट्र चार दिवस हळहळला. त्या वर्षीही दिवाळीच्या सुमाराला ट्रक भरून टोळ्या निघाल्याच.

संध्याकाळी 5
गाडी आली. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं. तीही चढते.

रात्री 9
मुकादमाची वही उघडते. कारखान्याचा करार मुकादमाशी. तोडणाऱ्याचं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसतं, मग भविष्यनिर्वाह निधी कुठला आणि बाळंतपणाची रजा कुठली. उचल घेताना सही नवऱ्याची. निम्मं काम करणाऱ्या बाईच्या हातात पैसा येतच नाही.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्याच काळात तिथले मुक्त झालेले काळे शेतमजूर जमीन न मिळाल्याने जुन्या मालकांच्याच शेतात वाट्याने कापूस पिकवत होते. हंगाम संपला की मालक वही काढायचा आणि बहुतेकांच्या नावे बाकीच निघायची. ही वही आमच्या ओळखीची आहे.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार महामंडळ आहे, मुलांसाठी वसतिगृहं आहेत. त्याहून आधी हवा तो कारखान्याने प्रत्येक मजुराशी, बाईशीही, थेट केलेला लेखी करार. आणि आजारपणाच्या दिवसाला दंड नको.

“बाकी किती निघाली?” ती कोपीतून विचारते.

“फिटंना. पुढच्या साली पोरीला संगं घ्या म्हणतोय मुकादम. लगीन लावलं की जावयाचाबी कोयता हुतोय.”

“त्याला म्हणावं, तुझी बाकी मी फेडीन. पोरगी धारूरला आज्जीपाशी राहील, साळंत जाईल. तिच्या नावानं एक रुपाया उचलायचा न्हाई.”

तो उठून मुकादमाकडे जातो, तेच सांगायला.