विडी सोडताना पेल्याचाही हिशेब ठेवा



पुष्कळजण निर्धाराने विडी-सिगारेट सोडतात. आठ दिवस बरे जातात. मग एखाद्या संध्याकाळी मित्रांत बसून पेला घेतला, की हात आपसूक काडेपेटीकडे जातो. दोन्ही सवयी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि दारूने मनाचा लगाम सैल होतो. म्हणून विडी सोडताना दारूही आवरावी.

इथे खिशातला फोन कामी येतो. सरकारच्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर तंबाखू सोडण्याचा सल्ला फुकट मिळतो. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिल्यास मोबाईलवर संदेश पाठवण्याची योजना २०१६ साली सुरू झाली. दारूबद्दल १४४४६ वर बोलावे. उसाच्या वजनाची पावती आपण जपतो ना? तसेच रोज किती पेले झाले ते फोनमध्ये टिपावे. आकडा डोळ्यांसमोर आला, की हात आखडतो.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडू नये. हातपाय कापतात, झटके येतात, प्रसंगी जिवावर बेतते. त्याने आधी रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात डॉक्टरांना भेटावे.

एखादे दिवशी घसरलात, तर खचू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावा.